गूळपाणी

दिवेआगरात माणसाला वेडा ठरवायला फार काही लागत नाही. वाडीचं शिंपणं चुकवून झोपून राहिलात, वेडे. सुपारी सोलायची टाकून पेपर वाचत बसलात, वेडे. पण विश्वंभरपंत पडवीत स्टोव्ह पेटवून रोज सकाळी दुसऱ्याची लघवी उकळायला लागले, तेव्हा गावाला तो शब्दही अपुरा पडला. मुंबईच्या कॉलेजात रसायनाच्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं नोकरी केलेला, चार बुकं शिकलेला माणूस! गाव नुसतं गप्प झालं आणि पंतांच्या बेड्याकडे, म्हणजे आवाराच्या फाटकाकडे वळणारी पावलं हळूहळू थांबली. पंतांना ते कळायलाही दोन महिने लागले.

माणसांची सवय अशीही उरली नव्हतीच. बायको, अनुसूयाबाई, जाऊन अकरा वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. स्वयंपाकाला मनुबाई यायच्या, दोन्ही वेळचं करून ताटावर ताट झाकून जायच्या. जेवताना समोर कोणी नसलं की माणूस भराभर जेवतो. पंतांचं जेवण पाच मिनिटांत आटपायचं आणि उरलेला दिवस तसाच पुढ्यात पडायचा.

अनुसूयाबाई मधुमेहाने गेल्या. एकोणीसशे एकवीस साल ते. मुंबईच्या डॉक्टरांनी हात झाडले. औषध नाही, म्हणाले, उपासमार हेच औषध, आणि गोड म्हणजे विष समजा. पंत त्यांना हवापालटाला म्हणून दिवेआगरला घेऊन आले. बाजेवर खिडकीशी त्यांना निजवलं. खिडकीतून वाडीचं मागचं कुंपण दिसायचं, त्यावर चढलेल्या रानवेली दिसायच्या. त्या दिवसभर तिकडे बघत पडून असायच्या.

या बाईंची एक खोड होती. बेड्यातून कोणीही आत आलं की त्या आधी गूळपाणी घेऊन पुढे जायच्या. पाहुणा असो, पोस्टमन असो, नारळ पाडायला आलेला गडी असो. उन्हातून आलेल्या माणसाला गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी दिल्याशिवाय ‘काय काम काढलंत’ म्हणून विचारायचं नाही, हा त्यांचा नेम. दुखणं आलं तसा पंतांनी घरातला गूळ कपाटात कुलपात घातला आणि चावी जानव्याला बांधली. एकदा दुपारी त्या म्हणाल्या, "एकच खडा द्या. जिभेवर ठेवते नि थुंकून टाकते." पंतांनी दिला नाही. शिस्तीचा माणूस. चार महिन्यांनी त्या गेल्या तेव्हा इतक्या हलक्या झाल्या होत्या की पंतांनी एकट्यानेच त्यांना बाजेवरून उचललं.

दोन वर्षांनी पेपरात बातमी आली, विलायतेत या आजारावर इंजेक्शन निघालं. पंतांनी पेपराची घडी घातली आणि उशाखाली ठेवली. चावी जानव्याला तशीच राहिली.

आता लघवी उकळण्यामागच्या पाल्याची गोष्ट. बोर्लीची सफुरा म्हणून एक बाई होती, विधवा. झोपडी शाकारायला झावळ्या विकत घ्यायला ती एकदा वाडीत आली. भारे बांधता बांधता मागच्या कुंपणावरची एक वेल तिने ओढली आणि म्हणाली, "ही बेडकी हतं एवढी माजलीय आन कोन नेत न्हाय? आमची आई गोड लघवीच्या दुखण्याला ह्याचाच पाला चावाया देत व्हती."

पंतांनी एक पान तोडून चावलं. कडवट, गवतासारखं. "आता साखर खाऊन बघा," सफुरा म्हणाली. पंतांनी आत जाऊन चहाची साखर चिमूटभर तोंडात टाकली. जिभेवर वाळू फिरावी तशी ती फिरली. गोडीचा मागमूस नाही.

ती वेल खिडकीसमोरच होती. चार महिने अनुसूयाबाई तिच्याकडे बघत होत्या. पंत त्या दिवशी जेवले नाहीत. हा पाला खरोखर उपयोगाचा असेल तर आपण औषधाच्या दहा पावलांवर बसून तिला उपाशी मारलं, आणि नसेल तर ती सुटणारच नव्हती. यातलं काय खरं, ते त्यांना कळायला हवं होतं. लोकांचं कल्याण वगैरे गोष्टी ते मुंबईच्या पत्रांत लिहीत. खरं कारण हे होतं.

मुंबईहून काचसामान आलं, स्पिरिट आलं. पाला सावलीत वाळवायचा, कुटायचा, स्पिरिटात भिजत घालायचा. अर्क आटवायचा, त्यात आम्लाचे थेंब सोडायचे. तळाशी बसेल ते वेगळं, वर राहील ते वेगळं. प्रत्येक भागाला नंबर. मग कणभर जिभेवर ठेवून वर साखर खायची. ज्या भागाने साखरेची वाळू होईल तो कामाचा, बाकीचा केळीच्या आळ्यात. जो पदार्थ जिभेवरची साखर मारतो तोच रक्तातली मारत असणार, असा पंतांचा सरळ हिशेब. या चाखण्यापायी त्यांची जीभ सदाची बधिर झाली. मनुबाईंनी संक्रांतीला दिलेला तिळाचा लाडू त्यांनी मातीच्या ढेकळासारखा चावून गिळला आणि छान झालाय म्हणाले.

औषध तयार झालं तर घेणार कोण? तो माणूसही सफुरानेच दिला. तिचा थोरला भाऊ, हमीद सारंग. तीस वर्षं बोटीवर काढलेला माणूस. बसऱ्यापासून मोंबासापर्यंत सगळे वारे तोंडपाठ. बायको वारलेली, दोन्ही मुलगे मोंबासात दुकान टाकून तिकडेच रमलेले. वर्षाला दोन पत्रं यायची, दोन्ही ईदांची. सारंगांच्या पायांना मुंग्या यायच्या, तहान भागायची नाही आणि मोरीत खऱ्या मुंग्यांची रांग लागायची. हे दुखणं त्या रांगेनेच ओळखतात.

ठरलं असं की सारंगांनी रोज सकाळी शिशी घेऊन बोर्लीहून यायचं. कोसभर वाट. पिशवीत शिशी, शिशीला बूच, डोक्याला रुमाल. पंत नळीत निळं द्रावण घ्यायचे, त्यात शिशीतले आठ थेंब टाकायचे आणि नळी उकळत्या पाण्यात उभी करायची. साखर असेल तर निळ्याचं हिरवं, पिवळं, शेवटी विटकरी लाल होतं. नसेल तर निळं ते निळंच. याला लागायचा पाव तास. तो पाव तास दोघं समोरासमोर बसायचे.

"आज काय म्हनतो दर्या? लाल का निळा?" सारंग रोज विचारायचे.

मनुबाईंनी सारंगांसाठी बिनकानाचा कप वेगळा काढून पडवीच्या कोनाड्यात ठेवला होता. त्यात त्या वितभर उंचीवरून बिनसाखरेचा चहा ओतायच्या. पंतांना ते दिसायचं, पण त्यांनी कधी काही म्हटलं नाही आणि सारंगांनीही कधी मनाला लावून घेतलेलं दिसलं नाही. चहा घेत ते बोलायचे. एडनला वाळूचं वादळ कसं आलं, मोंबासाचे आंबे कसे पिठूळ. पंत ऐकायचे. आणि एक दिवस, का कोण जाणे, पंत अनुसूयाबाईंबद्दल बोलले. जानव्याची चावीही दाखवली. इतक्या वर्षांत ही गोष्ट त्यांनी कोणाजवळ काढली नव्हती. सारंग कप खाली ठेवत म्हणाले, "मी घरवालीच्या मयतीला न्हवतो, मास्तर. बोट कोलंबोत व्हती. तुमी निदान जवळ तरी व्हता."

त्यानंतर तो पाव तास अर्ध्या तासाचा झाला आणि अर्ध्याचा तास. नळी कधीच निवून जायची.

औषध मात्र लागू पडेना. चार नंबर जिभेवर सगळ्यांत जालीम. तो सारंगांना दीड वर्ष दिला, लालाचा पिवळाही झाला नाही. पंत रडकुंडीला आले. मग एका सकाळी केळीच्या आळ्यात ओतायला नेलेलं वरचं पाणी हातात धरून ते थबकले. याने साखरेची गोडी जराही जात नाही म्हणून ते गेली पाच वर्षं हे फेकत आले होते. पण आजार जिभेला थोडाच झालाय? त्यांनी ते पाणी परत आणलं, मंद आचेवर आटवलं. भुरकट पूड उरली. तिला सातवा नंबर दिला. त्या दिवसापासून चाखणंही सुटलं, कारण चाखून उपयोग नव्हता.

एकोणीसशे चौतीसची रमजान ईद झाली आणि सारंगांनी सात नंबर घ्यायला सुरुवात केली. सहाव्या दिवशी नळी हिरवी झाली. आठव्या दिवशी निळी. पंत नळी उजेडाकडे धरून बघत राहिले. त्यांचा हात कापत होता.

"निळा?" सारंगांनी विचारलं.

"निळा."

"मंग हात कशाला कापतो? मला वाटला बोट बुडली."

पंत हसले. मनुबाई स्वयंपाकघरातून डोकावून गेल्या, कारण या घरात हसल्याचा आवाज त्यांनी ऐकला नव्हता.

पंतांनी मुंबईच्या एका डॉक्टरांना पत्र घातलं. उत्तर आलं. सलग चाळीस दिवसांची स्वच्छ नोंद आणि सोबत पूड पाठवा, आम्ही इथे सशांवर पडताळून पाहू. मात्र नोंद सलग हवी. आता पूड बेताचीच होती. पाला पावसानंतर धरतो आणि उन्हाळ्याच्या तोंडाला झडतो. यंदा जे काही साधायचं ते एवढ्या पुडीतच. पंतांनी पहिल्या निळ्या दिवसापासून मोजायला सुरुवात केली. वीस झाले. पंचवीस झाले. तीस झाले.

एकतिसाव्या दिवशी पंत भलतेच खुशीत होते. सारंगांकडे बघून, त्यांच्या भेगाळल्या टाचांकडे बघून त्यांना मनापासून बरं वाटलं आणि ते म्हणाले, "सारंग, अजून नऊ दिवस. चाळीस भरले की तुम्ही सुटलात."

"सुटलो म्हंजे?"

"म्हणजे रोज एवढं चालत यायला नको. शिशी नको, काही नको. महिन्यातून एकदा कोणाबरोबर पाठवलीत तरी पुरे."

सारंग कपात बघत राहिले. "व्हय," ते म्हणाले. "बरोबर हाय." त्या दिवशी चहा अर्धा टाकून ते उठले. पंतांना त्याचं काही वाटलं नाही. माणूस खुशीत असला की त्याला दुसऱ्याचा कप दिसत नाही.

तेहतिसाव्या दिवशी नळी लाल झाली.

पंतांनी पुन्हा थेंब घेतले, पुन्हा उकळलं. लाल. विटेसारखी लाल. "काल काय खाल्लंत?" "भाकर आन सुकट." दुसऱ्या दिवशी लाल. तिसऱ्या दिवशी लाल. शिशीतली लघवीही गडद दिसत होती. उन्हातून चालल्यामुळे असेल, पंतांनी वहीत लिहून ठेवलं. त्यांनी पुडीची मात्रा दुप्पट केली. तरी लाल. सारंग खाली बघून चहा प्यायचे, दर्याचं विचारेनासे झाले होते. एकदा म्हणाले, "वाटेत पाय लटपटतात, मास्तर. घाम फुटतो. बसावा लागतो." पंतांनी मान हलवली. साखर वाढली की असं होणारच, त्यांना वाटलं.

आणि एक गोष्ट पंतांनी वहीत लिहिली नाही. पहिल्या लाल दिवशी, इतकं मन मोडलेलं असताना, त्यांच्या मनात येऊन गेलं होतं की चला, म्हणजे सारंग चाळीस दिवसांनंतरही येत राहणार. या विचाराची त्यांना स्वतःलाच लाज वाटली.

एकोणचाळिसाव्या दिवशी त्यांनी मुंबईला पत्र लिहिलं. नोंद खंडित झाली, औषध निरुपयोगी आहे, आपल्याला तसदी दिल्याबद्दल क्षमा असावी. पत्र दुपारच्या टपालात पडलं. म्हणजे अनुसूया सुटणारच नव्हती, पंत स्वतःशी म्हणाले. यात समाधान मानायला हवं होतं, पण रात्रीचं ताट झाकलेलंच राहिलं.

चाळिसाव्या दिवशी सारंग आले तेव्हा पंत स्टोव्हही न पेटवता बसले होते. "ठेवा खिडकीत," ते म्हणाले. सारंगांनी शिशी खिडकीत ठेवली. जरा वेळ उभे राहिले. चेहरा घामाने डबडबला होता.

"आज चाळिसावा," ते म्हणाले. "उद्या यायचा का न्हाय?"

"आता येऊन काय करायचं, सारंग," पंत म्हणाले. ते औषधाबद्दल बोलत होते.

सारंग भिंतीला हात लावत पायऱ्या उतरले आणि गेले.

तासाभराने पंतांनी स्टोव्ह पेटवला. कारण काही नाही, इतक्या वर्षांची हाताची सवय. शिशीतले आठ थेंब टाकले, नळी पाण्यात ठेवली. पाव तासाने बाहेर काढली तर निळी. स्वच्छ निळी. काल पत्र टाकलं आणि आज निळी. पंत मोठ्याने हसले, आणि ते हसणं काही चांगलं नव्हतं. बूच लावायला म्हणून ते खिडकीकडे वळले.

शिशीच्या गळ्याला मुंग्या लागल्या होत्या. चौकटीच्या फटीतून बारीक तांबड्या मुंग्यांची रांग निघून नीट शिशीपर्यंत आली होती.

नळी सांगत होती साखर नाही. मुंग्या सांगत होत्या आहे. दोघंही खोटं बोलत नाहीत, एवढं पंतांना बावीस वर्षांच्या नोकरीने शिकवलं होतं. ते तिथेच खाली बसले. रोग्याच्या देहातून उतरते ती साखर एका जातीची; या निळ्या द्रावणाला तीच ओळखू येते. वाण्याकडची पांढरी दाणेदार साखर दुसऱ्या जातीची. ती कितीही घाला, द्रावण निळंच राहतं. गुळात मात्र दोन्ही असतात. गूळ घातला तर नळी लाल होते, आणि लघवी गडद दिसते.

त्यांनी शिशीतली थोडी लघवी घेऊन त्यात आम्लाचा थेंब टाकला, उकळली, सोड्याने आम्ल मारलं आणि मग तपासली. असं केलं की वाण्याची साखर फुटते आणि द्रावणाला दिसू लागते. नळी लाल झाली. आज शिशीत साखर घातलेली होती, देहातली नव्हे, डब्यातली. त्याआधीचे सात दिवस गूळ.

पंतांना असा राग आला की त्यांनी नळी आपटून फोडली. पाच वर्षं! आणि ते सगळं या माणसाने चमचाभर गुळात बुडवलं. कोणासाठी, कशासाठी? ते पडवीत येरझाऱ्या घालू लागले आणि तिसऱ्या फेरीला मध्येच थांबले.

सारंगांच्या लघवीत साखर नव्हती. म्हणजे औषध लागू होतं. म्हणजे साखर उतरलेल्या माणसाला आपण पाच-सहा दिवस दुप्पट मात्रा दिली. त्या विलायती इंजेक्शनाची मात्रा जास्त झाली तर काय होतं, ते त्यांनी वाचलं होतं. घाम फुटतो, हातपाय कापतात, शुद्ध हरपते, आणि वेळेवर साखर मिळाली नाही तर माणूस जातो.

पंत अनवाणीच निघाले. भर दुपारी, डोक्याला काही न घेता. बोर्लीच्या वाटेवर जे भेटले त्यांनी नंतर गावात सांगितलं की पंतांचं आता पुरतं फिरलं. पंतांना कोण भेटलं ते आठवत नव्हतं. दीड-दोन वर्षं रोज हा माणूस ही वाट तुडवत येत होता, आणि ती एवढी लांब आहे, तिच्यावर मध्ये सावली नाही, हे त्यांना त्या दिवशी कळलं. सारंगांचं घर कोणतं, तेही विचारावं लागलं.

घर मशिदीच्या मागच्या बाजूला होतं. सफुरा उंबऱ्यात रडवेली उभी होती. "तुमच्याकडनं आला तवाधरनं असाच बसलाय. काय बोलतो त्ये कळत न्हाय."

आत सारंग भिंतीला टेकून बसले होते. सदरा भिजलेला, ओठ पांढरे, डोळे उघडे पण नजर लागत नव्हती.

"गूळ आण," पंत म्हणाले. "लवकर."

फळीवर काचेची एक बरणी होती. सफुराने ती आणली. पंतांनी मोठासा खडा काढला आणि सारंगांच्या ओठांशी नेला. त्यांचा हात तिथेच अडला. तेरा वर्षांपूर्वी एका दुपारी जो हात पुढे झाला नव्हता, तोच हा हात. मग त्यांनी खडा सारंगांच्या जिभेवर ठेवला. "चोखा," ते म्हणाले. "चोखा, सारंग. थुंकू नका." दुसरा खडा दिला. तिसरा पाण्यात विरघळवून घोट घोट पाजला. नळी उकळायला लागतो तेवढाच वेळ लागला. पाव तास. सारंगांच्या कपाळावरचा घाम सुकत गेला, डोळ्यांत ओळख आली.

"मास्तर," ते म्हणाले. "तुमी हतं कशे?"

पंतांना वाटेत सुचलेलं बरंच काही बोलायचं होतं. तोंडून एवढंच निघालं, "गूळ का घातलात?"

सारंगांनी सफुराकडे पाहिलं. ती पाणी आणायला म्हणून बाहेर गेली.

"तुमी म्हनलाव, चाळीस झाले का सुटलाव," सारंग म्हणाले. "आमच्यात मेल्या मानसाचे चाळीस करतात, मास्तर. चाळिसावा झाला का मंग कोन दारात येत न्हाय. मला वाटला, जरा लाल निघाला तर अजून थोडे दिवस सकाळचा यायला मिळंल. तुमची दवा बिघडवायची न्हवती मला. चार दिवसांनी बंद करनार व्हतो. मंग चार दिवसांनी धीर न्हाय झाला."

"आणि आज साखर?"

"बरनी सफुरा घेऊन गेलती, बारशाला. सकाळी बरनी घरात न्हवती. घरात साखर व्हती, ती घातली. गोड त्ये गोड."

पंत भिंतीला टेकून त्यांच्या शेजारी बसले. दवा बिघडली होती आणि ती आता सुधारणार नव्हती. ज्याने गूळ घातला त्याने आधीचे बत्तीस दिवस पाणी घातलं नसेल कशावरून, असं मुंबईचे डॉक्टर विचारणार. पूड दुप्पट मात्रेत संपत आली होती, वेल झडली होती. आणि एवढं सगळं होऊन हातात आलं होतं ते हे, की पाल्यात खरंच काहीतरी आहे. अनुसूया सुटू शकली असती. पंतांना हवं होतं ते उत्तर मिळालं होतं आणि ते कोणाला सांगावं तर या एका माणसाखेरीज कोणी नव्हतं.

"सारंग," ते म्हणाले, "औषध लागू आहे."

"खरा?"

"खरं. तिला दिलं असतं तर."

सारंगांनी त्यांच्या हातावर हात ठेवला. मग म्हणाले, "मुंबैला काय लिवनार?"

"लिहीन की चूक माझी होती. माणसाला काय बोलावं ते मला कळलं नाही." पंतांनी डोळे पुसले. "पावसानंतर पाला येईल. पुन्हा करू."

त्यांची नजर बरणीवर गेली. बरणी स्वच्छ पुसलेली, झाकणाला धुवट फडकं बांधलेलं. "तुम्हाला गोड बंद. मग घरात गूळ कोणासाठी?"

"पाव्हन्यांसाठी," सारंग म्हणाले. "घरवालीची शिस्त व्हती, उनातनं आलेल्याला गूळपानी द्यायचा. ती गेली तरी मी दर सालाला बरनी भरतो. आता हतं पाव्हना कोन येतो? वापरायलाच झाला न्हाय. मंग तुमच्या शिशीत घातला."

या माणसाने रोज कोसभर ऊन डोक्यावर घेऊन त्यांचा उंबरा गाठला होता. त्यांनी त्याच्याकडून शिशी घेतली होती, पण गूळपाणी नाही तर नाही, साधं पाणीही कधी विचारलं नव्हतं. अनुसूया असती तर तिने पहिल्या दिवशीच विचारलं असतं. त्याला गूळ चालत नाही म्हटल्यावर निदान पाणी तरी पुढे केलं असतं, घरातल्या तांब्यातून.

सारंग भिंतीला धरून उठले. पंत नको नको म्हणत असताना उठले. बरणीतून एक खडा काढला, बशीत ठेवला आणि बशी पंतांपुढे केली. मग तांब्याकडे हात नेला आणि घुटमळले. "पानी मातर तुमच्या हातानं हिरीवरनं काढून घ्या. आमच्यातला तुमास चालनार न्हाय."

"तुमच्याच तांब्यातलं द्या," पंत म्हणाले.

त्यांनी खडा जिभेवर ठेवला. गेले दोन महिने त्यांनी पाला चाखला नव्हता. तोंड पाणावलं, आणि मग हळूहळू सगळीकडे गोडी पसरली, इतकी की त्यांना ती सोसेना. गूळ असा लागतो हे ते विसरून गेले होते. त्यांनी तो चोखला, संपवला आणि तांब्या तोंडाला लावून पाणी प्यायले.

उतरत्या उन्हात ते परत निघाले तेव्हा सारंग दारापर्यंत आले.

"उद्या शिशी आनू का न्हाय?"

"नका आणू," पंत म्हणाले. "तुम्ही या."